काडतूस जुने की धोक्याचे?

कोकणात, घाटावर आणि विदर्भात कितीतरी शेतकरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची 12 बोरची बंदूक असते. कुठे एकनळी, कुठे आजोबांच्या वेळची घोड्याची दुनळी. रानडुकरे खाचरात उतरली, वानरांनी बागेची नासधूस मांडली की ती बाहेर निघते, एरवी कपाटात. (हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 बंदूकधाऱ्यालाही तसाच लागू आहे, हे जाता जाता.) बंदूक क्वचित वाजते, पण काडतुसे साठत जातात. मग कधीतरी पत्र्याच्या डब्यात कागदी कवचाची, कडा फुगलेली, बुडाला हिरवट चढलेली दहा-बारा काडतुसे सापडतात आणि घरात चर्चा सुरू होते. एकजण म्हणतो, जुनी आहेत, फुटतील. दुसरा म्हणतो, जुनी आहेत, फार तर फुसकी जातील. तिसरा ती सुपात घालून अंगणात उन्हाला ठेवतो.

तिघेही चुकतात, आणि चुकण्याचे कारण एकच. तिघेही फक्त काडतुसाकडे पाहतात. ते कोणत्या बंदुकीत जाणार, कोणी भरले आणि इतकी वर्षे कुठे पडून होते, हे कोणी विचारत नाही.

“जुने काडतूस म्हणजे धोक्याचे काडतूस”

निव्वळ वयावरून काही ठरत नाही. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. ती फार सावकाश, पण सतत विघटित होत असते. त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडे सुटतात आणि तीच पुढच्या विघटनाला वेग देतात. हे चक्र रोखण्यासाठी कारखान्यात दारूत डायफिनिलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात; ते ही ऑक्साइडे शोषून घेते. स्थिरक शिल्लक आहे तोवर दारू ठीक असते. ते किती टिकणार, हे मुख्यतः उष्णतेवर अवलंबून. थंड, कोरड्या जागी ठेवलेली कारखान्याची काडतुसे कित्येक दशकांनंतरही नीट चालल्याचे अनुभव आहेत. उलट चुलीवरच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली चार-पाच वर्षांची काडतुसेही संशयास्पद धरावीत.

आपल्याकडे उष्णतेला दमटपणाची जोड मिळते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने घरातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. कागदी कवच ओल ओढते आणि फुगते. पितळी बुडावर हिरवे चढते, लोखंडी बुडाला गंज लागतो. बुडाच्या मधोमध असलेली केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, तिच्या कडेने ओल शिरली की बार लागेलच याचा भरवसा राहत नाही. म्हणून काडतुसाच्या सालापेक्षा त्याने किती पावसाळे कुठे काढले, हा प्रश्न महत्त्वाचा.

बुडावरचा नुसता काळपटपणा म्हणजे पितळेचा रंग बदलणे, तो चालतो. नख लावल्यावर खड्डा जाणवणारा हिरवा किंवा पांढरा थर चालत नाही. बूड आणि कवच यांच्या सांध्यात भेग असेल, केपच्या भोवती गंज असेल, तोंडाची घडी उघडून छर्रे सांडत असतील, प्लास्टिकचे कवच बोटाने दाबल्यावर कडकडत असेल, तर त्या काडतुसाचा विचार तिथेच थांबवावा. आंबट, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस भुकटी दिसली, तर आतली दारू विघटित होते आहे. ते काडतूस उडवू तर नयेच, पण घरातही ठेवू नये.

“फार तर फुसके जाईल, त्यात काय बिघडले?”

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. खराब काडतूस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक फुटण्याचे चित्र येते. पण ओल लागलेल्या काडतुसात बहुतेक वेळा उलटे होते: दारू अर्धवट जळते. ‘फट्’ असा दबका आवाज येतो, खांद्याला धक्का बसत नाही, आणि माणूस म्हणतो, गेले वाया. तो बंदूक मोडून, म्हणजे नळी वाकवून उघडून, दुसरे काडतूस घालतो. अपघात होतो तो या दुसऱ्या काडतुसाने.

दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक डाट असतो. जुन्या काडतुसांत तो लोकरीच्या नमद्याचा, नव्यांत प्लास्टिकचा. त्याला वॅड म्हणतात. दारू पुरती जळली नाही तर वॅड नळीतच अडकून बसतो, कधी छर्ऱ्यांसह. पुढच्या बाराचे छर्रे पूर्ण वेगाने येऊन त्या अडथळ्यावर आदळतात आणि तेवढ्या जागी दाब क्षणभर कमालीचा चढतो. नळी मागे, काडतुसापाशी जाड असते; पुढे ती बारीक होत जाते आणि हलक्या दुनळींत मधल्या भागात भिंत एक मिलिमीटरहूनही कमी असते. नशीब बरे असेल तर तिथे बांगडीसारखा फुगवटा येतो आणि बंदूक कायमची निकामी होते. नसेल तर नळी चिरते.

म्हणून आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा वाटला की पुढचा बार नाही. अर्धा मिनिट थांबायचे, बंदूक मोडायची, दोन्ही काडतुसे काढायची आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड पाहायचा. पूर्ण गोल उजेड दिसला तरच पुढे. वॅड अडकलेला दिसला तर तो दुसऱ्या काडतुसाने ‘ढकलून काढण्याचा’ विचारही मनात आणू नये. तो रिकाम्या बंदुकीत लाकडी किंवा पितळी सळईने काढायचा.

अडथळा काडतुसातूनच येतो असेही नाही. कुंभारीण माशी भिंतीच्या भोकांत आणि रिकाम्या नळ्यांत चिखलाचे घर करते. उभी ठेवलेली बंदूक तिला आयती मिळते. कोणी गंज लागू नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधी कोंबतो आणि विसरतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावर नळीतून पाहण्याची आठवण कितीजणांना असते? काडतूस नवे-कोरे असले तरी या बंदुकीत ते धोक्याचेच.

“चेंबरमध्ये बसले म्हणजे चालते”

बसणे आणि चालणे यांत फार अंतर आहे. बंदुकीच्या बाबतीत तर काही काडतुसे इतकी सहज बसतात की तोच धोका असतो.

आधी बोर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तो 12 बोरच्या नळीचा व्यास: सुमारे 18.5 मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर 20 बोर, सुमारे 15.6 मिलिमीटर. म्हणजे आकडा मोठा, नळी लहान. एकाच घरात किंवा वाडीत दोन्ही बोरच्या बंदुका असल्या की डबे एकमेकांत मिसळतात. आता 20 बोरचे काडतूस चुकून 12 बोरच्या बंदुकीत टाकले तर काय होते? त्याच्या बुडाची कड साधारण 19.5 मिलिमीटर. 12 बोरचा चेंबर त्याहून थोडा रुंद, म्हणून ते पुढे घसरते; नळी 18.5 मिलिमीटर, म्हणून चेंबर संपतो तिथे अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामा दिसतो. चाप ओढला तर काहीच होत नाही. माणसाला वाटते, काडतूस घालायचे राहिले, आणि तो त्यामागे 12 बोरचे काडतूस घालतो. ते व्यवस्थित बसतेही. मग बार. नळी फुटते ती नेमकी पुढच्या लाकडी पकडीपाशी, जिथे डावा हात असतो. या एका अपघातासाठी अमेरिकेत 20 बोरचे कवच पिवळ्या रंगाचे करण्याचा प्रघात पडला, आणि आता तो बऱ्याच देशांत आहे. पण जुन्या कागदी काडतुसांच्या रंगावर विसंबू नये; बुडावरचा आकडा वाचावा. आकडा गंजाने पुसला गेला असेल तर ते काडतूस तुमच्यासाठी संपले.

मग लांबी. ही बाब बहुतेकांना ठाऊकच नसते. डब्यावर 65, 70 किंवा 76 मिलिमीटर लिहिलेले असते, तो आकडा काडतुसाचे तोंड उघडल्यानंतरचा, म्हणजे बार उडाल्यानंतरचा असतो. तोंडाची घडी मिटलेली असताना 70 मिलिमीटरचे काडतूस त्याहून सेंटिमीटरभर तरी आखूड भरते. त्यामुळे 76 चे काडतूस 65 च्या चेंबरमध्ये अडचण न येता शिरते, बंदूक बंदही होते. चाप ओढल्यावर मात्र घडीला उलगडायला जागा नसते. कवचाचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या इंग्लिश दुनळींपैकी अनेकींचे चेंबर अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचे आहेत. त्यांत आजची 70 किंवा 76 ची काडतुसे ‘बसतात म्हणून’ वापरणे म्हणजे दर बाराला बंदुकीची परीक्षा घेणे. चेंबरची लांबी नळीच्या बुडाशी कोरलेली असते. नसेल तर परवानाधारक बंदूकसाजाकडून मोजून घ्यावी. पट्टीने अंदाज करू नये.

तिसरी गोष्ट दाबाची. युरोपीय नियमांनुसार 12 बोरच्या सर्वसाधारण काडतुसाचा कमाल सरासरी दाब 740 बार (इथे बार हे दाबाचे एकक), आणि जास्त जोराच्या काडतुसांचा 1050 बार. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, यावरून कल्पना करावी. बंदूक यातला कोणता दाब सोसू शकते, हे तिच्या नळीवरचे परीक्षेचे ठसे सांगतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस 1813 पासून नळ्या जाणूनबुजून जादा दाबाच्या बाराने तपासून ठसा मारते. जुन्या संस्थानी घराण्यांतून आलेल्या कित्येक बंदुका काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. काहींच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या, अंगावर लाटांसारखी नक्षी असलेल्या दमास्कस पद्धतीच्या. त्यांची परीक्षा काळ्या दारूवर झालेली. बिनधुराच्या दारूचा ठसा नसेल तर कारखान्याचे आजचे उत्तम काडतूससुद्धा त्या बंदुकीसाठी संशयास्पदच. अशी बंदूक भिंतीवर शोभते, आणि माझ्या मते तिची जागा तीच आहे.

एल.जी., एस.जी., बी.बी. ही अक्षरे किंवा 4, 6 हे आकडे छर्ऱ्याचा आकार सांगतात, काडतुसाचा जोर नव्हे. ‘बारीक छर्ऱ्याचे आहे, जुन्या बंदुकीला सोसेल’ हे गणित चुकीचे आहे. दाब ठरतो तो दारूच्या जातीवर, तिच्या वजनावर आणि एकूण छर्ऱ्यांच्या वजनावर.

“उन्हात वाळवले की पुन्हा ताजे”

पापड आणि काडतूस यांत हा फरक आहे की काडतूस वाळवून दुरुस्त होत नाही. भिजलेली काळी दारू वाळली तरी तिच्यातला पाण्यात विरघळणारा सोरा गंधक-कोळशापासून वेगळा होऊन खड्यांत जमतो. मिश्रण पूर्वीचे राहत नाही. बिनधुराची दारू पाण्यात विरघळत नाही हे खरे, पण केपचे मिश्रण बिघडू शकते, वॅड फुगतो, बूड आतून गंजते. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या काडतुसात आत काय उरले, हे कोणालाही सांगता येत नाही. ऊन तर उलट नुकसानच करते: उष्णतेने विघटनाला गती मिळते. तव्यावर किंवा चुलीजवळ काडतुसे ठेवणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.

जुलै 2021 मध्ये चिपळूणला, त्याआधी 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे घराघरांत पाणी शिरले, तेव्हा कपाटांत जे जे होते ते सगळे भिजले. पुराच्या पाण्याखाली गेलेल्या काडतुसांबाबत अमेरिकेतल्या शस्त्र-उत्पादकांच्या सामाई या संस्थेचा सल्ला स्वच्छ आहे: वापरू नका. त्यातली काही चालतील, पण कोणती, हे उडवल्याशिवाय कळणार नाही. आणि उडवून पाहणे हीच तर चूक. शंभर रुपयांच्या वस्तूसाठी बंदूक आणि बोटे पणाला लावण्याचा हा हिशेब मला कधी समजलेला नाही.

फुगलेले कागदी कवच काचकागदाने घासून बसवणे, तेल लावून दाबून कोंबणे, हेही याच पंथातले उपाय. तेल केपच्या कडेने आत झिरपून ती निकामी करू शकते. आणि कोंबलेल्या काडतुसावर बंदूक पुरती मिटली नाही, तर तिचे कुलूप अर्धवट लागलेल्या अवस्थेत बार होण्याची भीती असते.

“गावातल्या जाणकाराने भरलेले आहे, चिंता नाही”

जुन्या डब्यात कारखान्याची आणि पुन्हा भरलेली काडतुसे मिसळलेली असू शकतात. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे अनेक घरांत आहेत. त्यांचे रिकामे कवच पुन्हा भरले तर बुडावर नाव ‘शक्तिमान’च राहते, आतला माल मात्र भलताच. तोंड मेणाने किंवा गोंदाने बंद केलेले, घडी वेडीवाकडी, केपवर आधीच्या ठोक्याची खूण किंवा तिच्या भोवती ओरखडे, वजन बाकीच्यांपेक्षा वेगळे, ही पुन्हा भरल्याची चिन्हे.

याला मी सगळ्यांत वाईट मानतो, कारण इथे चूक बेहिशेबी असते. काळी दारू मापाने भरायची जुनी सवय. त्याच मापाने कोणी बिनधुराची दारू भरली तर दाब कित्येक पटींनी वाढतो, कारण तीच जागा व्यापणाऱ्या बिनधुराच्या दारूत खूप जास्त ऊर्जा असते. काडतूस कापून दारूचा रंग पाहिला, चिमूटभर पेटवून पाहिली, तरी ती किती वेगाने दाब चढवेल हे कळत नाही. कोणी, कोणत्या दारूने, किती वजनाने भरले याची लेखी नोंद नसलेले काडतूस उडवायचे नाही. भरणारा कितीही जवळचा असो. शिवाय परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम, 1959 खाली गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षांची आहे.

“लागले नाही? पुन्हा घोडा चढव!”

घोडा पडला, केपवर ठोका बसला, बार झाला नाही. अशा वेळी दोन शक्यता असतात: केप मेलेली आहे, किंवा ती धुमसते आहे आणि बार उशिरा होणार आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच. म्हणून बंदूक खांद्यावरून न हलवता, नळी निर्धोक दिशेलाच ठेवून किमान 30 सेकंद थांबायचे, मग मोडायची. घाईने मोडली आणि त्याच क्षणी काडतूस उडाले तर त्याला चेंबरचा आधार नसतो. कवचाचे आणि पितळेचे तुकडे तोंडावर येतात. काढलेले काडतूस बाजूला ठेवायचे. एकाच डब्यातली दोन-तीन लागली नाहीत तर तो सगळा डबा बाद. नवी काडतुसेही लागत नसतील तर दोष बंदुकीच्या कमानीत किंवा टोचणीत शोधावा.

मग बाद काडतुसांचे काय करायचे?

विहिरीत टाकू नका, शेतात पुरू नका, शेकोटीत तर मुळीच नको. तेलात किंवा पाण्यात बुडवून ती निकामी होतात हाही समजच आहे. केप बराच काळ जिवंत राहू शकते. सुरीने कापून छर्रे काढण्याच्या नादात मुलांचे हात गेले तर ते आपल्या हलगर्जीपणाचे फळ असेल. चांगल्यांपासून वेगळी करून कोरड्या, कुलपाच्या पेटीत ठेवा, वर ‘वापरू नये’ असे लिहा, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे आधी फोन करून जमा करा.

वडील किंवा आजोबा गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत काडतुसे सापडली तर हे आणखी निकडीचे आहे. परवाना त्यांच्या नावाचा होता. तो तुमच्या नावाचा झाल्याखेरीज ती काडतुसे, चांगली असोत की वाईट, बाळगण्याचा हक्क तुम्हाला नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 नुसार अशी शस्त्रे आणि काडतुसे विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. नेताना परवान्याचे पुस्तक आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवा, काडतुसांची संख्या लिहून न्या आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.